गुणफलकावर न दिसणारं काम

बास्केटबॉलमधली एखादी नामवंत खेळाडू मोठ्या सामन्यात चमकली की कमी पडली, हे ठरवायचं कसं? हा विषय आपल्या अंकात कशाला, असं काही मैत्रिणी विचारतील. पण बाईच्या कामाचं मोल कोण मोजतं, कशानं मोजतं आणि मोजताना काय सोडून देतं, हा आपला जुनाच प्रश्न आहे. मैदानावर तो स्वच्छ दिसतो, कारण तिथं सगळाच हिशेब आकड्यांत मांडलेला असतो.

अमेरिकेतल्या डब्ल्यूएनबीए या महिलांच्या व्यावसायिक लीगची २०२४ ची अंतिम फेरी घ्या. न्यूयॉर्क लिबर्टी विरुद्ध मिनेसोटा लिंक्स. ब्रीआना स्टुअर्ट ही न्यूयॉर्कची मोठी खेळाडू. २०१८ आणि २०२३ साली लीगची सर्वोत्तम ठरलेली. पहिल्या सामन्यात वेळ संपायला एक सेकंदही उरला नव्हता तेव्हा तिला दोन फ्री थ्रो मिळाले. एक बसला, दुसरा हुकला. जादा वेळेत तिचा बास्केटजवळचा शेवटचा फटकाही हुकला आणि न्यूयॉर्क ९३-९५ असं हरलं. एवढ्यावर कुणीही म्हणेल, ऐन वेळी ही बाई कच खाते.

दुसऱ्या सामन्यात तिनं २१ गुण केले आणि प्रतिस्पर्ध्यांकडून सात वेळा चेंडू हिसकावला; अंतिम फेरीतला तो विक्रम ठरला. तिसऱ्या सामन्यात तिचे ३० गुण. पाचव्या, निर्णायक सामन्यात तिचे १५ पैकी चारच फटके बसले. पण हुकलेले १५ चेंडू तिनं ताब्यात घेतले. शेवटची ५.२ सेकंदं उरलेली असताना दोन्ही फ्री थ्रो बसवून बरोबरी साधली, तीही तिनंच. जादा वेळेत न्यूयॉर्क ६७-६२ असं जिंकलं. मालिकेतली सर्वोत्तम खेळाडू मात्र तिची सहकारी जॉन्क्वेल जोन्स ठरली.

मग स्टुअर्टचं मोल काय? पहिल्या सामन्यातला एक फ्री थ्रो की पाचव्यातले दोन?

अलीकडचं संख्याशास्त्र इथं खरोखर मदतीला येतं. नुसते गुण न मोजता ते विचारतं, किती प्रयत्नांत किती गुण? तीन गुणांचा फटका आणि फ्री थ्रो यांचं वजन वेगळं धरतं. 'प्लस-मायनस' नावाचा हिशेब तर आणखी पुढे जातो: ही खेळाडू मैदानावर असताना संघ किती गुणांनी पुढे गेला किंवा मागे पडला? सहकारिणीला वाट मोकळी व्हावी म्हणून प्रतिस्पर्ध्याच्या आड उभं राहणं, दुसरीची चूक धावत जाऊन सावरणं, नुसत्या धाकानं समोरच्या दोघींना अडकवून ठेवणं, या कामांना गुणफलकावर रकाना नसतो. प्लस-मायनसमध्ये त्याचा निदान ठसा तरी उमटतो.

पण याही आकड्याला देव मानायचं कारण नाही. सोबतच्या चौघी उत्तम असतील तर आपलाही आकडा फुगतो. आणि पाच सामने म्हणजे फारच थोडा पुरावा. दोन-चार फटके इकडचे तिकडे झाले की सगळा हिशेब बदलतो. म्हणून माझं म्हणणं असं: 'मोठ्या सामन्यात ती पडते' किंवा 'ती हमखास तारते' हे दोन्ही शिक्के पाच सामन्यांवरून मारू नयेत. अनेक वर्षांचा हिशेब हाताशी ठेवावा, आणि मग सामना डोळ्यांनी पाहावा.

मोजमापाला इतिहास असतो, हेही विसरू नये. पुरुषांच्या एनबीएमध्येसुद्धा हिसकावलेले आणि अडवलेले चेंडू अधिकृतपणे मोजायला १९७३-७४ साली सुरुवात झाली. आयोवा राज्यात मुलींचा खेळ १९९३ पर्यंत सहाजणींचा होता. त्यातल्या तिघी गुण करणार, तिघी फक्त बचाव करणार. मधली रेषा कुणीच ओलांडायची नाही. बचाव करणाऱ्या मुली बास्केटवर चेंडू टाकूच शकत नव्हत्या. त्यांच्या नावापुढे गुणांचं शून्य. त्या काही करत नव्हत्या म्हणून नाही, नियमच तसा होता म्हणून!

हे शून्य आपल्या ओळखीचं आहे. मेरिलिन वेरिंग यांनी १९८८ मध्ये हाच प्रश्न राष्ट्रीय उत्पन्नाच्या हिशेबाला विचारला. आपल्याकडे २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत दिसलं की घरकाम करणाऱ्या बायका त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटं देतात आणि घरकाम करणारे पुरुष ९७. ही मिनिटं मोजली गेली म्हणून तर निदान वाद घालता येतो.

मैदानावरही मोजमापाचा शेवट पैशांपाशीच होतो. २०२४ साली डब्ल्यूएनबीएमध्ये खेळाडूचा कमाल पगार सुमारे २ लाख ४२ हजार डॉलर होता; एनबीएमध्ये सर्वाधिक पगार घेणाऱ्याला ५ कोटींहून जास्त मिळत होते. दोन्ही लीगचं उत्पन्न सारखं नाही, हे खेळाडूंनाही ठाऊक होतं. त्यांची मागणी होती उत्पन्नात रास्त वाटा मिळण्याची. अंतिम सामन्याच्या दुसऱ्याच दिवशी, २१ ऑक्टोबर २०२४ ला, त्यांच्या संघटनेनं जुन्या करारातून बाहेर पडत असल्याचं जाहीर केलं. जुलै २०२५ मध्ये, आमचं देणं आम्हाला द्या, अशा अर्थाचे शर्ट घालून त्या ऑल-स्टार सामन्याआधी मैदानात उतरल्या.

अशा वाटाघाटीत आकडा हे हत्यार असतं, आणि ते दोन्ही बाजूंना चालवता येतं. 'तू निर्णायक सामन्यात १५ पैकी चारच फटके बसवलेस' असं मालक म्हणू शकतो. त्याच सामन्यातले १५ रिबाउंड खेळाडूच्या बाजूनं कुणीतरी मांडायला हवेत. म्हणून आकड्यांना नाकं मुरडून भागणार नाही. आपल्या मुलींनी ते शिकावेत, आणि कुठला रकाना मुळात आखलाच नाही, तेही विचारावं.