गृहस्थाश्रमांतील विद्यार्थी

‘विद्यार्थी’ म्हटलें कीं आपल्या मनश्चक्षूंपुढें अद्यापि ब्रह्मचारीच उभा राहतो. मुंज, गुरुगृहीं अध्ययन, सोडमुंज आणि मग विवाह, हा क्रम आपल्या इतका अंगवळणीं पडला आहे कीं, पुस्तक हातीं धरलेल्या माणसाला घरदार, मूलबाळ आणि आजारी सासरा असूं शकेल हें चटकन् ध्यानांतच येत नाहीं. ही समजूत आपलीच आहे असेंहि नव्हे. ऑक्सफर्ड व केंब्रिज येथील बहुतेक फेलोंना विवाह करावयाचा झाल्यास आपली जागा सोडावी लागे. हें बंधन सुटावयास १८८२ चे सुमाराचे नवे नियम यावे लागले. विद्येचें घर निराळें आणि संसाराचें घर निराळें, असें धरूनच विद्यापीठांचे नियम घडत आले.

आजची स्थिति अगदीं वेगळी आहे. पदवीनंतर दोन वर्षें एम्.ए., मग नेट-सेटची परीक्षा, मग पीएच्.डी.ची नोंदणी, प्रबंध बांधून हातीं येईपर्यंत वय तिशीला टेकतें. लग्न, पहिलें मूल आणि वडिलांचें पहिलें मोठें दुखणें हीं सारीं याच काळांत येतात. दोन आश्रम एकमेकांवर चढले आहेत, आणि नियम मात्र पहिल्याच आश्रमाचे!

नियमकर्त्यांना हें अलीकडे उमगूं लागलें आहे. विद्यापीठ अनुदान आयोगानें २०१६ च्या नियमांत संशोधक स्त्रियांकरितां प्रसूति व बालसंगोपन यांसाठीं २४० दिवसांपर्यंत रजेची तरतूद केली, आणि प्रबंधाच्या मुदतींत दोन वर्षांची सवलत ठेविली. २०२२ च्या नियमांतहि ती कायम राहिली. पदवी व पदव्युत्तर वर्गांतील विद्यार्थिनींनाहि प्रसूतीची रजा व उपस्थितींत सूट मिळावी, यासाठीं नियम करा, असें आयोगानें डिसेंबर २०२१ मध्यें विद्यापीठांस कळविलें. परंतु कळविणें आणि होणें यांत अंतर असतें. मीरतच्या चौधरी चरणसिंग विद्यापीठांत एम्.एड्. करणाऱ्या एका विद्यार्थिनीला ही सूट नाकारली गेली. ती दिल्ली उच्च न्यायालयांत गेली. न्यायालयानें मे २०२३ मध्यें तो नकार रद्द करून तिच्या अर्जाचा फेरविचार करण्यास सांगितलें. शिक्षण आणि मातृत्व यांतून एकच निवड, असें स्त्रीला बजावतां येणार नाहीं, असा त्या निर्णयाचा आशय होता. तिला न्याय मिळाला हें खरें; पण एका पदवीसाठीं उच्च न्यायालयाची पायरी चढण्याइतकी चिकाटी आणि पैसा कितीजणींजवळ असणार?

शिक्षकवर्गाचें म्हणाल तर कायम नेमणुकीच्या प्राध्यापिकेला रजा आहे, तिच्या सहकारी पित्यालाहि पंधरा दिवस आहेत. परंतु आपल्याकडे पुष्कळ महाविद्यालयांचा गाडा तासिका तत्त्वावरील शिक्षक ओढीत असतात. त्यांना जितके तास तितके पैसे. मुलाला ताप आला म्हणजे त्यांचा तास बुडतो, आणि तासाबरोबर त्याचा मोबदलाहि. या वर्गाची आठवण कोणत्याहि सवलतीच्या वेळीं शेवटीं होते, किंवा होतच नाहीं.

इतकें विद्यापीठाविषयीं. पण त्याला बोल लावून आपणांस मोकळें होतां येत नाहीं. २४० दिवस विद्यापीठ देईल. रोजचे तीन तास कोण देणार? ते घरानेंच द्यावयाचे असतात. मूल वाढण्यास एकत्र कुटुंबासारखी जागा नाहीं, असें आपण अभिमानानें सांगतों, आणि तें बव्हंशीं खरें आहे. मात्र त्याच घरांत ‘ती काय, घरींच तर असते’ हें वाक्यहि ऐकूं येतें. कचेरींत गेलेल्या मुलाला दूध ऊतूं जाईल म्हणून कोणी बोलावीत नाहीं; प्रबंध लिहीत बसलेल्या सुनेला मात्र दाराची घंटा, गॅसची टाकी आणि अवचित आलेला पाहुणा, या प्रत्येकासाठीं उठावें लागतें. तासाभरांत चार वेळां उठलेल्या माणसाचें लेखन होत नाहीं. तें ज्यानें कधीं केलें आहे त्यालाच कळतें. उन्हाळ्याची सुट्टी हा प्राध्यापिकेचा लेखनाचा खरा काळ. पण मुंजी आणि लग्नें वैशाखांतच निघतात, आणि केळवणांची यादी तिच्याच हातीं येते. पुढें भाद्रपदांत गौरी-गणपति होऊन पक्ष लागतो, तोंवर सहामाही परीक्षेचे दिवस जवळ आलेले असतात.

यावर आमची सूचना साधी आहे. घरांत अभ्यासाचे तास ठरवावे, ते सर्वांस सांगावे, आणि कचेरीच्या वेळेइतकेच ते मोडतां येणार नाहींत असें समजावें. दार उघडण्याचें काम त्या वेळीं घरीं असलेल्या पुरुषानें करावें; त्यांत कमीपणा कसला? एक गोष्ट मात्र विसरूं नये. नातवाला सांभाळणारी आजी पासष्टीची असते, तिचे गुडघे दुखत असतात. तिला गृहीत धरून आंखलेली व्यवस्था म्हणजे एकीचा भार उचलून दुसरीच्या डोक्यावर ठेवणें होय. तिलाहि आधीं विचारावें.

सर्वांत अवघड भाग वृद्धांच्या शुश्रूषेचा. संशोधकांच्या रजेचें कलम स्त्रियांपुरतें आहे, आणि तेंहि प्रसूति व मूल एवढ्यासाठींच. अर्धांगानें अंथरुणाला खिळलेल्या सासऱ्यांसाठीं किंवा आईला विसरभोळेपणानें घेरलें म्हणून त्यांत एक दिवसहि नाहीं, मग संशोधक मुलगा असो वा सून. अशा वेळीं वर्ष-दोन वर्षें मागें पडून नोंदणीच सोडून दिलेले लोक आमच्या वाचकांच्या घरोघरीं असतील. ज्या घरांत शुश्रूषेच्या पाळ्या लावून प्रबंध पुरा झाला, त्यांनीं ती व्यवस्था कशी बसविली, रात्रीचें जागरण कोणी केलें, बाई ठेविली तर खर्चाची वांटणी कशी झाली, हें आम्हांस सविस्तर लिहून पाठवावें. निवडक पत्रें नांव न देतां पुढील अंकीं छापूं.