काशीयात्रेचे वाहन : भार, बैठक आणि विमा

काशीयात्रा ही मराठी कुटुंबांची जुनी मनीषा आहे. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली उत्तरेकडे निघाले, बंडाच्या धामधुमीत सापडले आणि अखेर काशीहून गंगेची कावड घेऊन घरी परतले. पुढे रेल्वे आली आणि हा प्रवास सुकर झाला. आता महामार्ग रुंदावल्याने, सोबत शिधा, शेगडी आणि तंबू घेऊन, वाटेत मुक्काम करीत स्वतःच्या वाहनाने काशी गाठण्याची हौस पुन्हा वाढू लागली आहे. ही हौस स्वागतार्हच आहे. मात्र वाहन निवडताना आणि सजवताना ज्या गोष्टींना अग्रक्रम मिळायला हवा, त्यांचा विचार बहुधा शेवटी होतो. खर्च दिसणाऱ्या वस्तूंवर होतो. भार, बैठक आणि विमा या तीन बाबी मात्र दुर्लक्षित राहतात.

वाटेचे स्वरूप

वाराणसीहून कन्याकुमारीपर्यंत जाणारा जुना राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ७ हा २,३६९ किलोमीटर लांबीचा, देशातील सर्वांत लांब महामार्ग होता. २०१० च्या नव्या क्रमांकनात त्याचे भाग निरनिराळ्या क्रमांकांत विभागले गेले; परंतु नागपूर, सिवनी, जबलपूर, रीवा, मिर्झापूर ही वाट आजही तीच आहे. नागपूरहून वाराणसी सुमारे साडेसातशे किलोमीटर पडते. पुण्याहून हे अंतर जवळजवळ दुप्पट होते. ही वाट बहुतांशी डांबरी वा काँक्रीटची आहे. तिच्यासाठी चारही चाकांना शक्ती पुरवणारी, उंच, अवजड गाडी अनिवार्य नाही. कसोटी लागते ती लांब पल्ल्याची, उन्हाळ्यातील तापलेल्या टायरांची आणि डिसेंबर-जानेवारीत गंगेच्या मैदानात उतरणाऱ्या दाट धुक्याची. म्हणून उत्तम ब्रेक, नवे टायर, सुस्थितीतील स्टेपनी, पुढचे-मागचे दिवे आणि रात्री गाडी न हाकण्याचा निश्चय यांचे मोल टपावरच्या शोभेच्या दिव्यांपेक्षा अधिक आहे.

भाराचा हिशेब

प्रत्येक वाहनाचे रिकामे वजन आणि उत्पादकाने ठरवलेले कमाल एकूण वजन निश्चित असते. या दोहोंतील फरक म्हणजेच वाहनाची खरी वाहनक्षमता. सहा प्रवासी सरासरी ६५ किलो धरले, तरी ३९० किलो होतात. पिण्यास व स्वयंपाकास माणशी रोज पाच लिटर पाणी धरल्यास दोन दिवसांचे ६० लिटर, म्हणजे ६० किलो. जणू सातवा प्रवासीच. १४.२ किलोचा घरगुती सिलिंडर टाकीसह तीस किलोच्या आसपास जातो. त्यात तंबू, सतरंज्या, भांडी, बॅटरी आणि टपावरील लोखंडी कॅरिअर मिळवले की क्षमता केव्हाच ओलांडली जाते. मागचे पाटे वाढवून घेतल्याने गाडी बसत नाही, हे खरे. पण त्यामुळे ब्रेकची वा टायरची क्षमता वाढत नाही. शिवाय जो भार टपावर जातो, तो वळणावर गाडीला कलंडवू पाहतो. जड वस्तू खाली व मध्यभागी ठेवाव्यात, टपावर केवळ हलके अंथरूण असावे, हा साधा नियम आहे.

विजेचाही असाच हिशेब मांडता येतो. १०० अँपिअर-तासांच्या १२ व्होल्टच्या बॅटरीतील निम्मी शक्ती वापरली, तर ६०० वॅट-तास मिळतात. पंखा आणि दिवे मिळून ४० वॅट लागत असतील, तर पंधरा तासांची सोय झाली. एवढ्यासाठी जनरेटर बाळगण्याचे कारण उरत नाही. ही बॅटरी गाडी सुरू करणाऱ्या बॅटरीहून वेगळी असावी आणि तिच्या तारेवर फ्यूज असावा, एवढी दक्षता मात्र हवी.

हौद्यातील माणसे

सर्वांत गंभीर प्रश्न मालवाहू वाहनांचा आहे. गावोगावी यात्रेसाठी टेम्पो वा ट्रकच्या हौद्यात गाद्या घालून, वर ताडपत्री बांधून माणसे बसवण्याची रीत आहे. ती स्वस्त वाटते, आणि म्हणूनच ती घातक आहे. मालवाहू वाहनाच्या अनिवार्य विम्यात मालाचा मालक वा त्याचा प्रतिनिधी येतो. यात्रेकरू येत नाहीत. विनामूल्य प्रवास करणाऱ्या अशा प्रवाशांच्या नुकसानभरपाईची जबाबदारी विमा कंपनीवर नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली स्पष्ट केले. याचा अर्थ असा की, अपघात झाल्यास भरपाईचा भार अखेर वाहनमालकावर येतो. ज्या शेतकऱ्याने कर्ज काढून टेम्पो घेतला, त्याच्यावर कर्जाचे हप्ते आणि भरपाई असे दुहेरी संकट कोसळते. आणि त्याची ऐपत नसेल, तर मृतांच्या कुटुंबांच्या हाती काहीच पडत नाही. हे सारे बहुधा एकाच गावचे, एकाच भावकीतले असतात.

हौद्यावर खोली बांधून त्याचे फिरते घर करण्याचा मोहही आवरावा. नोंदणी पुस्तकातील तपशील बदलेल असा फेरफार मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार मनमानीने करता येत नाही. वाहन बँकेकडे तारण असेल, तर बँकेची संमती हवी. मोटार कॅरॅव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे स्वतंत्र मानक आहे. ज्यांना फिरते घरच हवे, त्यांनी प्रमाणित वाहन घ्यावे अथवा भाड्याने आणावे. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरणही जाहीर केले आहे. बारा-पंधरा जणांच्या मंडळींनी पर्यटक परवान्याची प्रवासी गाडी भाड्याने घ्यावी. खासगी नोंदणीची गाडी भाडे देऊन नेल्यास विम्याच्या अटींचा भंग होतो.

स्वतःच्या गाडीचा विमा असला, तरी त्यातील वैयक्तिक अपघात संरक्षण मालक-चालकापुरते, १५ लाख रुपयांचे असते. इतर प्रवाशांसाठी ते वेगळे घ्यावे लागते. नंतर बसवलेल्या महागड्या वस्तूंची नोंदही पॉलिसीत करून घ्यावी.

अग्नीची भीती

२६ ऑगस्ट २०२३ रोजी मदुराई येथे उत्तर प्रदेशातील यात्रेकरूंच्या खासगी रेल्वे डब्याला आग लागून नऊ जणांचा मृत्यू झाला. नियम डावलून नेलेला गॅस सिलिंडर त्यास कारणीभूत ठरला. गाडीच्या डब्यालाही हाच धडा लागू पडतो. स्वयंपाक गाडीबाहेर, मोकळ्या जागेतच व्हावा. थंडीत बंद गाडीत शेगडी पेटवून झोपणे म्हणजे विषारी वायूला निमंत्रण देणे होय.

मुक्कामाची जुनी व्यवस्था

काशीच्या गल्ल्यांत मोठी गाडी शिरत नाही, घाटापर्यंत तर नाहीच. गाडी शहराबाहेरच्या वाहनतळावर ठेवून रिक्षाने वा पायी जाणे, हाच मार्ग. तेव्हा जितके वाहन अवजड, तितकी शेवटच्या टप्प्यात त्याची अडचण अधिक. गंगेच्या पैलतीरी वाळूवर २०२३ साली तंबूनगरी उभारली गेली, तेव्हा नदीच्या प्रदूषणाचा प्रश्न राष्ट्रीय हरित अधिकरणापर्यंत गेला. ज्या नदीच्या दर्शनासाठी शेकडो कोस यायचे, तिच्याच पात्रात सांडपाणी सोडणे कोणत्याही यात्रेकरूला शोभणारे नाही.

आणि तंबूची तितकी गरजही नाही. काशीच्या पंचक्रोशी परिक्रमेत कंदवा, भीमचंडी, रामेश्वर, शिवपूर आणि कपिलधारा असे पाच मुक्काम परंपरेने ठरलेले असून तेथे धर्मशाळा आहेत. विश्वनाथाचे मंदिर १७८० साली पुन्हा उभारणाऱ्या अहिल्यादेवी होळकरांनी ठिकठिकाणी घाट, विहिरी आणि धर्मशाळा बांधल्या. नागपूरकर भोसल्यांचा घाटही काशीत आहे. यात्रेकरूने पाठीवर घर वाहून न्यावे लागू नये, हाच या दानधर्मामागील विचार होता. आजचा वाटसरू तोच विचार अंगीकारू शकतो : वर्षातून एकदा होणाऱ्या यात्रेसाठी मोठे कर्ज काढून अवजड गाडी घेण्यापेक्षा, असलेल्या गाडीची दुरुस्ती, पुरेशा आसनांची सोय, प्रवाशांचा विमा आणि वाटेतील दोन रात्रींचे स्वच्छ मुक्काम यांवर खर्च करावा. अंथरूण पाहून पाय पसरावेत, ही म्हण गाडीच्या अंथरुणालाही लागू आहे.