वेशीवरची वसुली

पुण्याच्या कसब्यात कुंभारवेस हे नाव अजून लोकांच्या तोंडी आहे. वेस मात्र आता नाही. जिथे वेस तिथे कोट असायचाच, आणि कसब्यालाही तो एके काळी होता. १६३० च्या सुमारास आदिलशाही सरदार मुरार जगदेव याने पुणे जाळले, कोट पाडला, गावावर गाढवांचा नांगर फिरवला आणि भर वस्तीत पहार ठोकली, असे परंपरा सांगते. पुढे दादोजी कोंडदेवांच्या कारभारात सवलतीचे कौल देऊन वस्ती पुन्हा बसवण्यात आली. शतकभराने तेच गाव पेशव्यांची राजधानी झाले, पेठांमागून पेठा वसल्या. परंतु या वाढत्या शहराला कवेत घेणारा संपूर्ण तट कधीच उभा राहिला नाही. त्याची किंमत पुढे कोणी मोजली, हे व्यापारी घराण्यांनी जाणून घेण्यासारखे आहे.

तट बांधणे हे अतिशय खर्चाचे काम. दगड, चुना, गवंडी, बेलदार, आणि बांधून झाल्यावर दरसालची डागडुजी. मध्ययुगीन युरोपातील नगरांनी हा भार थेट बाजारावर टाकला. इंग्लंडमध्ये तेराव्या शतकाच्या प्रारंभी श्रूजबरीसारख्या नगरांना राजाकडून ‘म्युरेज’ नावाचा परवाना मिळू लागला. म्युरेज म्हणजे तटपट्टी. नगरात विक्रीसाठी येणाऱ्या मालावर ठरावीक वर्षे कर घ्यावा आणि तो तटासाठीच खर्चावा, अशी त्याची अट असे. परवान्यात मालाची यादी असे: धान्याची गाडी, घोडा, गाय, कातडी, कापड, मद्य, मासळी, प्रत्येकापुढे दर. मुदत संपली की नवा परवाना मागावा लागे.

ही वसुली नीट व्हायची तर व्यापाराला वळण लावणे भाग होते. माल ठरलेल्या वेशीतूनच आत यावा, सौदा ठरलेल्या बाजारात आणि ठरलेल्या वेळीच व्हावा, गावाबाहेर गाडी अडवून कोणी आधीच माल उचलू नये, असे निर्बंध आले. म्हणजे ज्या तटासाठी कर घेतला जाई, तो तटच कर चुकवणाऱ्याची वाट रोखत असे. अचौर्य अणुव्रताच्या अतिचारांत ‘विरुद्धराज्यातिक्रम’ गणला आहे, हे वाचकांना स्मरत असेलच. आडवाटेने माल आणण्याचा मोह कोणत्याही एका देशापुरता नव्हता.

पण मोह केवळ व्यापाऱ्यालाच होत नाही. हाती नाका आला की नगराचे कारभारीही ठरल्यापेक्षा जास्त घेऊ लागत. म्हणून १२७५ च्या वेस्टमिन्स्टरच्या कायद्यात स्पष्ट कलम घालावे लागले: दिलेल्या परवान्याबाहेर तटपट्टी घेणाऱ्या नगराचा तो हक्कच काढून घेतला जाईल, वर दंडही होईल. दर, मुदत आणि हेतू या तिन्ही गोष्टी कागदावर बांधलेल्या होत्या, हे या व्यवस्थेचे खरे बळ. फ्रान्समध्ये नगरांना मिळणाऱ्या अशाच अनुमतीतून ‘ऑक्ट्रॉय’ हा शब्द रूढ झाला. त्याचा मूळ अर्थच ‘दिलेली अनुमती’ असा. हा शब्द पुण्याच्या व्यापाऱ्याला परका नाही. त्याकडे पुढे येऊ.

पेशवाईत पुण्याची व्यवस्था निराळी होती. नवी पेठ वसवायची तर शेटे आणि महाजन नेमले जात, बाहेरून येणाऱ्या सावकार-उदम्यांना काही वर्षांची करसूट मिळे. दुकानांवर मोहतर्फा आणि मालावर जकात होती. माल भरला तिथे थळभरीत, उतरला तिथे थळमोड, आणि वाटेत ठिकठिकाणचे नाके. या नाक्यांचा जाच एवढा, की व्यापाऱ्याकडून एकरकमी हुंडा घेऊन सगळ्या वाटेची जकात भागवून देणारे हुंडेकरी हा एक स्वतंत्र धंदाच उभा राहिला. एल्फिन्स्टनने पेशव्यांच्या मुलखाविषयी लिहिलेल्या अहवालातही त्यांची दखल आहे. जकातीचा हा पैसा सरकारी खजिन्यात जाई. त्यातील अमुक हिस्सा शहराच्या तटासाठी, अशी बांधिलकी नव्हती. शनिवारवाड्याला तट मिळाला, पेठांना मिळाला नाही.

१७६३ मध्ये निजामअलीची फौज पुण्यावर आली. पेशव्यांच्या कुटुंबाने सिंहगडाचा आश्रय घेतला. शहरात ज्यांनी खंडणी भरली त्यांची घरे वाचली. ज्यांनी भरली नाही त्यांची पाडली वा जाळली गेली. पुढे राक्षसभुवनच्या लढाईत मराठ्यांनी त्याचे उट्टे काढले खरे, पण जळलेल्या दुकानातला माल विजयाने परत येत नाही. २५ ऑक्टोबर १८०२ रोजी हडपसरच्या लढाईनंतर यशवंतराव होळकरांच्या अमलात पुण्याच्या धनिकांना पुन्हा थैल्या मोकळ्या कराव्या लागल्या. तटपट्टी वाचली, पण खंडणी टळली नाही; आणि खंडणीला ना दरांची यादी, ना मुदत.

अहमदाबादला तट होता, तरी १७२५ मध्ये तेथेही हीच पाळी आली, आणि या वेळी दारात उभ्या असलेल्या फौजा मराठ्यांच्या होत्या, हे नोंदवणे प्राप्त आहे. शांतिदास झवेरींचे वंशज नगरशेठ खुशालचंद यांनी पदरचा पैसा देऊन शहराची लूट थांबवली. हे औदार्य एकट्यावर पडू नये म्हणून तेथील व्यापाऱ्यांनी लेखी करार केला: शहरात छाप पडणाऱ्या मालावर शेकडा चार आणे नगरशेठांच्या घराण्याला मिळावेत. कोणा राजाने लादलेला नव्हे, बाजाराने स्वतःहून आपल्यावर घेतलेला हा कर होता. ते उत्पन्न त्या घराण्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालले. इंग्रजांनी पुढे त्याचे वार्षिक नेमणुकीत रूपांतर केले.

त्याच शहराचा तट १८३० नंतरच्या दशकात ढासळू लागला, तेव्हा तूप आणि इतर काही जिनसांवर जादा कर बसवून त्याची दुरुस्ती झाली. हिशेब पाहण्यास समिती होती, तीत गावचे प्रतिष्ठितही होते. तट दुरुस्त होऊन पैसा उरला, तो रस्ते आणि पाणी यांकडे वळला, आणि त्याच समितीतून अहमदाबादची नगरपालिका आकाराला आली. तटासाठी घेतलेला पैसा शहर चालवण्याचा पैसा झाला, तो असा.

पुण्यात नगरपालिका १८५८ मध्ये स्थापन झाली. तट नसलेल्या या शहराच्या सीमेवर पुढे जकात नाके उभे राहिले, कागदोपत्री ‘ऑक्ट्रॉय’ हे फ्रेंच नाव आले आणि ट्रकांच्या रांगा लागू लागल्या. ही जकात १ एप्रिल २०१३ पासून बंद झाली. तिच्या जागी आलेल्या स्थानिक संस्था कराविरुद्ध पुण्याच्या बाजारपेठांनी दुकाने बंद ठेवून लढा दिला; १ ऑगस्ट २०१५ पासून पन्नास कोटींखालील उलाढालीच्या व्यापाऱ्यांना त्यातून मोकळीक मिळाली, आणि १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आल्यावर तोही इतिहासजमा झाला. नाक्यांवरच्या रांगा गेल्या, रस्ते, पाणी आणि दिवे यांचा खर्च मात्र शहराच्या खात्यावर तसाच चालू आहे.