ऑनलाइन आयक्यू टेस्टचा आकडा किती खरा?

मोबाईलवर रील पाहताना मध्येच जाहिरात येते: ‘तुमचा बुद्ध्यांक किती? २० प्रश्न, फक्त १० मिनिटे.’ तुम्ही गंमत म्हणून टेस्ट सोडवता. मग तोच फोन मुलाच्या हातात देता. स्क्रीनवर ८४ किंवा १३२ असा आकडा येतो आणि गंमत तिथेच संपते. ८४ आले तर ‘आपलं मूल मंद आहे का?’ ही धास्ती बसते. १३२ आले तर ‘एवढा हुशार असून अभ्यास करत नाही, म्हणजे आळशीच’ असा शिक्का बसतो. दोन्ही निष्कर्ष चुकीचे असू शकतात आणि दोन्हींची किंमत मूल मोजते.

बुद्ध्यांक ठरतो कसा?

१९०५ मध्ये आल्फ्रेड बिने आणि थिओडोर सिमोन यांनी फ्रान्समध्ये पहिली बुद्धिमापन चाचणी तयार केली. शाळेत कोणत्या मुलांना जादा मदत लागेल, हे ओळखणे हा तिचा हेतू होता. म्हणजे चाचणी मदतीसाठी होती, हुशारी मिरवण्यासाठी नव्हे.

आजच्या प्रमाणित चाचण्यांत सरासरी १०० धरतात. १०० पैकी सुमारे ६८ जणांचे गुण ८५ ते ११५ च्या दरम्यान असतात. १३० च्या वर जेमतेम २ जण जातात. हे सांगता येते, कारण चाचणी आधी वेगवेगळ्या थरांतील, त्याच वयाच्या पुष्कळ लोकांवर घेतलेली असते. तुमच्या मुलाची तुलना त्या गटाशी होते. भाषा आणि परिसर बदलला की हा गटही बदलावा लागतो. म्हणूनच बिने यांच्या चाचणीचे कामत यांनी मराठी आणि कन्नड मुलांसाठी रूपांतर केले, तर मालिन यांनी नागपूरमध्ये वेक्स्लर चाचणी भारतीय मुलांसाठी बसवली.

ऑनलाइन टेस्ट कुठे कमी पडते?

- तुलना कोणाशी, ते कळत नाही. अशा साइटवर कोडी आवडणारे लोक जास्त येतात. काही जण तीच टेस्ट पुन्हा पुन्हा देतात, वयही खोटे टाकतात. त्यांच्या सरासरीवरून तुमच्या मुलाचा बुद्ध्यांक काढता येत नाही.
- एकाच प्रकारचे प्रश्न असतात. बहुतेक साइटवर फक्त आकृत्यांची कोडी असतात. वेक्स्लरसारख्या चाचणीत शब्दज्ञान, तर्क, आकृतीची जाण, कार्यरत स्मृती आणि कामाचा वेग असे अनेक भाग तपासतात.
- पाहणारे कोणी नसते. मूल झोपेला आले आहे का, त्याला इंग्रजी प्रश्न समजला का, चष्म्याची गरज आहे का, हे स्क्रीनला दिसत नाही. समोर बसलेल्या मानसशास्त्रज्ञाला दिसते.

चांगल्या चाचणीतही काही गुणांची चूक गृहीत धरलेली असते. जुन्या चाचण्यांची तुलनेची मापे काळानुसार शिळी होतात, हेही खरे. म्हणून तज्ज्ञ नुसता आकडा हातात देत नाही, त्याचा अर्थ समजावून सांगतो.

पैशांचा सापळा

अनेक साइटवर टेस्ट मोफत आणि निकाल विकत असतो. किरकोळ रक्कम भरताना नकळत दर महिन्याची वर्गणी सुरू होऊ शकते. अशा ‘सबस्क्रिप्शन ट्रॅप’ला केंद्र सरकारच्या ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी फसव्या पद्धतींच्या यादीत घातले आहे. पैसे कापले गेल्यास बँकेला लगेच कळवा आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करा. मुलाचे नाव, जन्मतारीख, फोटो अशा साइटवर देऊ नका.

मग खरी तपासणी कधी करावी?

मूल वर्गातल्या इतरांपेक्षा वाचन, लेखन किंवा गणितात सतत मागे पडत असेल, बोलायला उशिरा लागले असेल, किंवा वयाला साजेशी रोजची कामे जमत नसतील, तर आधी बालरोगतज्ज्ञांना भेटा. डोळे आणि कान तपासून घ्या. गरज असल्यास ते भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असलेल्या चिकित्सा मानसशास्त्रज्ञाकडे पाठवतील.

बौद्धिक अक्षमतेचे निदान केवळ बुद्ध्यांकावर होत नाही. मूल स्वतःचे काम स्वतः करते का, लोकांत कसे वागते, हेही पाहावे लागते. डिस्लेक्सियासारख्या अध्ययन अक्षमतेत तर बुद्ध्यांक सामान्य किंवा उत्तमही असतो. १३२ गुणांचे ‘आळशी’ मूल खरे तर अक्षरांशी झगडत असू शकते. ही अक्षमता २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात समाविष्ट आहे. तिचे अधिकृत प्रमाणपत्र असल्यास बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात. ऑनलाइन निकाल तिथे चालत नाही.

घरातील ज्येष्ठांचेही तसेच. मोबाईलवरील स्मरणशक्तीच्या टेस्टमध्ये कमी गुण आले म्हणजे स्मृतिभ्रंश झाला, असे नाही. थायरॉईड, बी-१२ ची कमतरता, नैराश्य यांमुळेही विसरभोळेपणा येतो आणि त्यावर उपचार आहेत. मात्र विसरणे वाढत असेल तर टेस्टमध्ये चांगले गुण आले म्हणून डॉक्टरांकडे जाणे टाळू नका.

कोडी आवडत असतील तर खुशाल सोडवा. फक्त तो आकडा मुलासमोर उच्चारू नका. तो तुम्ही विसरून जाल, मूल विसरणार नाही.