रंगीत कागदाचा हिशेब आधी मांडा!



खडकीच्या होळकर पुलावरून उन्हाळ्यात मुळा नदीकडे पाहा. पात्र जलपर्णीने भरलेले दिसते. तिला कोणी खत घातले नाही, वर कागद ताणला नाही. शहराचे सांडपाणी आणि फुकटचे ऊन, एवढ्यावर ती माजते.

तेच ऊन शेतकऱ्याच्या शेवाळाच्या हौदात पडले, की त्यात खोट निघते! स्पिरुलिना, क्लोरेलाच्या हौदावर ऊन बदलणारा रंगीत प्लास्टिक कागद ताणा, उत्पन्न वाढेल, असे सांगितले जाते.

शास्त्र खोटे नाही. हरितद्रव्य निळा आणि तांबडा उजेड जास्त घेते, हिरवा कमी. कागदातले रंगद्रव्य हिरवा उजेड शोषून तांबडा सोडते. पण हा उजेड चहूकडे फाकतो. काही वर परत जातो, काही कागदातच जिरतो. अडतीसारखी वाटेत कपात होतेच. वैशाखात भर दुपारी वरच्या थराला ऊन सोसत नाही, तेव्हा ही कपात चालेल. आषाढ-श्रावणात ढगांमुळे मुळात उजेडच अपुरा, तेव्हा काय? शिवाय उन्हाने रंग विटतो. विटलेल्या कागदाचे पैसे कोण परत देणार?

खरी मेख पुढेच आहे. तुलना उघड्या हौदाशी केली, तर कोणताही कागद जिंकू शकतो. कागदाने पाऊस आणि धूळ अडते, थंडीत ऊब राहते. स्पिरुलिनाला ३५ अंशांच्या आसपासचे पाणी मानवते. पुण्याच्या हिवाळी रात्री त्याच्या जवळपासही नसतात. म्हणजे साध्या पारदर्शक कागदानेही माल वाढू शकतो. काम कागदाचे, श्रेय रंगाचे आणि बिल शेतकऱ्याचे!

म्हणून आमची मागणी सरळ आहे. खडकीच्या पुढे शिवाजीनगरला सरकारी कृषी महाविद्यालय आहे. तिथे तीन हौद मांडा: एक उघडा, एक साध्या कागदाचा, एक रंगीत कागदाचा. बियाणे, खोली, ढवळणे सारखे ठेवा. बारा महिने चालवा. वाळलेला माल शेतकऱ्यांसमोर काट्यावर तोला आणि किलोमागे खर्च जाहीर करा.

रंगीत कागद जिंकला, तर आम्ही स्वतः ताणू. नव्या तंत्राशी आमचे वैर नाही. पण तोवर अनुदानाच्या आशेने कोणीही कर्ज काढू नये. जिल्हा बैठकीत हा ठराव घ्या. प्रयोगाची जोखीम विकणाऱ्याने घ्यावी, शेतकऱ्याच्या सातबाऱ्याने नव्हे.