नाण्यांसाठी फोल्डर घेताना



आपल्या बहुतेक घरांत जुन्या नाण्यांचा एक डबा असतो. त्यात आजीच्या बटव्यातला भोकाचा पैसा असतो, तीन पैशांचे षटकोनी नाणे असते, कमळाचे चित्र असलेले वीस पैशांचे पिवळे नाणे असते. आणि पुष्कळ घरांत डॉ. बाबासाहेबांच्या जन्मशताब्दीनिमित्त १९९० साली निघालेला एक रुपयाही असतो. मुलांना सुट्टी लागली की हा डबा उघडला जातो आणि कोणीतरी म्हणतो, "यासाठी एक फोल्डर आणू या." विचार चांगला आहे. परंतु डब्यात तीस वर्षे सुखरूप राहिलेले नाणे चुकीच्या फोल्डरमध्ये थोड्याच वर्षांत कायमचे खराब होऊ शकते. म्हणून पैसे खर्च करण्याआधी चार गोष्टी समजून घ्याव्यात.

सर्वांत मोठा धोका स्वस्त, मऊ प्लॅस्टिकचा. पुष्कळ फोल्डरांची पारदर्शक पाने पीव्हीसीची असतात. ते मऊ राहावे म्हणून त्यात तेलकट रसायन मिसळलेले असते. उष्णतेने आणि दमट हवेने हे रसायन बाहेर येते, प्लॅस्टिकमधून आम्लही सुटते, आणि नाण्यावर हिरवट चिकट थर चढतो. तांब्याच्या नाण्यांना हा त्रास जास्त. १९९० चा बाबासाहेबांचा रुपया तांबे आणि निकेल यांच्या मिश्रणाचा आहे, त्यामुळे त्यालाही हा धोका आहेच. ज्या बाबासाहेबांचा रुपयाच्या प्रश्नावरील इंग्रजी ग्रंथ १९२३ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाला, त्यांचीच मुद्रा असलेला रुपया हिरवा पडावा, हे आपल्याला कसे चालेल?

पीव्हीसी ओळखायचे कसे? पान नाकाजवळ धरा. नव्या रेनकोटसारखा किंवा रेक्झिनसारखा उग्र वास आला आणि पान फार मऊ, चिकट लागले, तर ते घेऊ नका. दुकानदाराला सरळ विचारा, "हे पीव्हीसी आहे की पॉलिप्रोपिलीन?" पॉलिप्रोपिलीन, पॉलिथिलीन आणि मायलर ही प्लॅस्टिके नाण्यांना चालतात. पाकिटावर तसे छापलेले असेल तर उत्तम. उत्तर देता येत नसेल तर दुसरे दुकान पाहावे.

आता फोल्डरचे प्रकार पाहू.

पहिला प्रकार पुठ्ठ्याचा. त्यात ठरावीक मापाची भोके असतात आणि नाणे अंगठ्याने दाबून बसवायचे असते. मुलांना तो आवडतो, कारण रिकामे भोक दिसले की ते भरण्याची जिद्द येते. परंतु नाण्याची एकच बाजू दिसते, वरून हवा लागते आणि साध्या पुठ्ठ्यातील गंधकाने चांदी काळवंडते. पैशा-दोन पैशांची झिजलेली ॲल्युमिनियमची नाणी त्यात ठेवावीत. चांदीचा रुपया ठेवू नये.

दुसरा प्रकार कप्प्यांच्या पानांचा. दोन्ही बाजू दिसतात, पाने वाढवता येतात. मात्र नाणे कप्प्यात सैल राहिले तर घसरून घासते. म्हणून कप्पा मापाचा हवा. बाबासाहेबांचा १९९० चा रुपया २६ मिलिमीटरचा आहे. सव्वाशेव्या जयंतीनिमित्त २०१५ साली निघालेले दहा रुपयांचे नाणे २७ मिलिमीटरचे आहे. त्याच वेळचे निम्म्या चांदीचे १२५ रुपयांचे नाणे मात्र ४४ मिलिमीटरचे आहे. ते साध्या कप्प्यात कोंबू नये, टांकसाळीच्या मूळ वेष्टनातच राहू द्यावे.

तिसरा प्रकार म्हणजे सुमारे पाच सेंटिमीटरच्या चौकोनी पुठ्ठ्याच्या चौकटी. मध्ये मायलरची खिडकी असते. नाणे आत ठेवून चौकट दुमडायची, कडांना स्टेपलर मारायचा आणि ती पानाच्या कप्प्यात सरकवायची. माझ्या मते आपल्यासारख्या कुटुंबांना हाच प्रकार सोयीचा, कारण चौकटी थोड्या थोड्या विकत घेता येतात. दोन पथ्ये पाळावीत. पिनेची टोके पक्कडीने सपाट करावीत, नाहीतर ती शेजारच्या नाण्याला ओरखडे पाडतात. आणि पुठ्ठ्यावर लिहायचे ते नाणे ठेवण्याआधी लिहावे.

नाणे हाताळताना ते कडेने धरावे, बोटांचा घाम तोंडावर लागू देऊ नये. चिंच, लिंबू, राख लावून नाणे घासणे तर अजिबात नको. भांडे घासल्याने उजळते, नाण्यावरची अक्षरे मात्र झिजतात आणि त्याची किंमतही जाते. हिरवा चिकट थर दिसला तर नाणे त्या पानातून लगेच बाहेर काढावे. फोल्डर ओल्या भिंतीला टेकवून ठेवू नये. आपल्याकडच्या पावसाळ्यात घट्ट झाकणाच्या डब्यात फोल्डर ठेवून सोबत सिलिका जेलच्या पुड्या टाकाव्यात आणि त्या अधूनमधून बदलाव्यात. नाण्यांना रबरबँड लावू नये, त्यातही गंधक असते.

मी पेशाने कारकून, म्हणून नोंदवहीचा आग्रह धरतोच. एका वहीत पाच रकाने आखा: अनुक्रम, नाण्याची किंमत, साल, टांकसाळ आणि "कोणाकडून मिळाले". टांकसाळ सालाखालच्या खुणेवरून कळते. चौकटीचा छोटा आकार असेल तर मुंबई, तारा असेल तर हैदराबाद, गोल ठिपका असेल तर नोएडा, काहीच नसेल तर कोलकाता. मुलांना भिंगातून ही खूण शोधायला लावा, गणित आणि भूगोल दोन्ही होतील.

पण माझ्या दृष्टीने पाचवा रकाना सर्वांत मोलाचा. आपल्या आजी-आजोबांचे ना सातबारे, ना बखरी. गिरणीच्या पहिल्या पगारातला रुपया, धुण्याभांड्यांच्या कमाईतून गाठीला बांधलेला आणा, हीच त्यांची कागदपत्रे. कोणते नाणे कोणाचे, हे सांगणारे माणूस घरात आहे तोपर्यंत लिहून घ्या. नाव गेले की ते नुसते धातूचे तुकडे उरतात आणि सराफाकडे वजनावर जातात.

शेवटी एक इशारा. "जुन्या नाण्याचे लाखो रुपये मिळतील, आधी शुल्क भरा," असे सांगणारे फोन आणि संदेश येतात. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीरपणे सांगितले आहे की, जुन्या नोटा-नाण्यांच्या अशा व्यवहारांशी तिचा संबंध नाही, ती त्यासाठी कधीही शुल्क वा कमिशन मागत नाही, आणि कोणालाही तसा अधिकार दिलेला नाही. तेव्हा घामाचा एक पैसाही अशा माणसांना देऊ नका.

येत्या रविवारी आजीला शेजारी बसवा, डबा उघडा आणि आधी वही आखा. फोल्डर त्यानंतर आणला तरी चालेल, पण वास घेऊनच आणा.

जय भीम!