थंडीत गाडी अडते, तेव्हा धंदाही अडतो

दिवाळी सरली की मालेगाव, निफाड भागात पहाट बोचू लागते आणि व्यापारी बांधवांच्या तोंडी एक तक्रार येऊ लागते. रात्री नीट उभी केलेली गाडी सकाळी चालूच होत नाही. ऐकायला ही तक्रार किरकोळ वाटते. पण आठवडी बाजारात मोक्याची जागा आधी पोहोचणाऱ्याला मिळते. कपड्यांचे गठ्ठे मागे बांधून फजरनंतर निघणाऱ्या माणसाची अर्धी सकाळ किक मारण्यात गेली, तर त्या दिवसाचा गल्ला निम्म्यावर येतो. मग तो वैतागून म्हणतो, "म्हातारी झाली गाडी, काढून टाकतो." चालती गाडी भंगाराच्या भावात जाते आणि नवी हप्त्यावर दारात येते. कमाईतला एक हिस्सा पुढची काही वर्षे दुसऱ्याच्या वहीत जमा होत राहतो.

आमचे स्पष्ट मत असे की, यातल्या पुष्कळ गाड्या म्हाताऱ्या झालेल्या नसतात. त्यांना थंडीत काय लागते, हे मालकाला कोणी सांगितलेले नसते. मागावर धागा का तुटतो हे आपला कारागीर नजरेने सांगतो, कापडाचा ताव आपण बोटाने ओळखतो. मग ज्या यंत्रावर रोज शे-दीडशे किलोमीटर माल फिरतो, त्याची एवढी माहिती आपल्याला असायला नको का?

गोष्ट अशी आहे. इंजिनात पेट्रोल पातळ रूपात जळत नाही, त्याची वाफ होऊन ती हवेत मिसळावी लागते. गरम इंजिनात एक भाग पेट्रोलाला वजनाने सुमारे १४.७ भाग हवा हे प्रमाण पुरते. थंड इंजिनात पेट्रोलाची वाफ नीट होत नाही, त्यातले बरेचसे वाटेतच नळीच्या भिंतीला चिकटते. ठिणगीपाशी पोहोचते ते मिश्रण फिके असते आणि पेट घेत नाही. म्हणून कार्बोरेटरला चोक दिलेला असतो. काही गाड्यांत तो हवेची वाट अडवतो, तर काहींत पेट्रोलाची वेगळी बारीक वाट उघडतो. दोन्हींचा हेतू एकच, थंड इंजिनाला थोडे जास्त पेट्रोल देणे. शिवाय थंडीत ऑइल घट्ट होते आणि इंजिन फिरवायला जोर जास्त लागतो.

१९९४ साली आलेली स्प्लेंडर असो की तिच्या आधीची सीडी १००, पद्धत साधीच आहे. पेट्रोलचा कॉक उघडा, मिनिटभर थांबा. चोक पूर्ण ओढा. चावी बंद ठेवून दोन-तीन किक सावकाश मारा, म्हणजे पेट्रोल आत ओढले जाईल. मग चावी लावा आणि एकच किक पूर्ण, शेवटपर्यंत मारा. या वेळी एक्सलेटर पिळू नका. ज्या कार्बोरेटरमध्ये पेट्रोलाची वेगळी वाट असते, तिथे एक्सलेटर उघडला की त्या वाटेची ओढच कमी होते आणि चोक असून नसल्यासारखा होतो. आपले लोक नेमके इथेच चुकतात. एका हाताने चोक ओढतात आणि दुसऱ्या हाताने त्यावर पाणी फिरवतात.

गाडी धरली की अर्ध्या-एक मिनिटात चोक हळूहळू परत करा आणि पहिला एक-दोन किलोमीटर सावकाश चालवा. दहा मिनिटे जागेवर रेस करत बसणे म्हणजे पेट्रोल जाळणे आहे. चोक तसाच राहिला तर जादा पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचे ऑइल धुऊन काढते, प्लग काळा पडतो आणि बोअर लवकर झिजतो.

म्हैसूरच्या कारखान्यात १९९६ पर्यंत बनलेल्या येझदी आणि त्याआधीच्या जावा अजून काही शौकिनांकडे आहेत. त्यांतल्या बऱ्याच गाड्यांत कार्बोरेटरवर एक छोटे बटण असते. ते दाबले की आतली पेट्रोलाची पातळी वर येते. पेट्रोल बाहेर पाझरू लागले की थांबायचे. जुन्या बुलेटला तर ताकद दाखवूच नये. किक हळू दाबत जिथे अडेल तिथे थांबावे, डीकॉम्प्रेसर ओढून पिस्टन जरासा पुढे काढावा, किक वर आणावी आणि मग पूर्ण दाब द्यावा. घाई करणाऱ्याच्या पायाला ही गाडी उलटा तडाखा देते.

दहा-बारा किका मारूनही गाडी धरत नसेल आणि पेट्रोलाचा वास येत असेल, तर ती ओव्हरफ्लो झाली असे समजावे. चावी बंद करा, चोक परत करा, एक्सलेटर पूर्ण उघडून सात-आठ किका मारा आणि मग पुन्हा प्रयत्न करा. तरीही जमले नाही तर प्लग काढून कोरडा पुसा. प्लगचा पाना आणि एक जादा प्लग गाडीच्या डिकीत असलाच पाहिजे.

यात अलीकडे एक भर पडली आहे. २०२५ पासून पंपावर साधारणपणे २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. इथेनॉलची वाफ व्हायला उष्णता जास्त लागते आणि त्यामुळे मिश्रणही थोडे फिके होते. नव्या गाडीचे यंत्र हे स्वतः सावरून घेते, कार्बोरेटरला ते जमत नाही. इथेनॉल हवेतला ओलावाही ओढते. म्हणून गाडी आठवडाभर उभी राहणार असेल तर कॉक बंद करावा, कार्बोरेटरच्या वाटीखालचा स्क्रू सैल करून जुने पेट्रोल काढून टाकावे आणि जुने रबरी पाइप तपासून घ्यावेत.

आता सर्वात महत्त्वाचे. थंडी टाळण्यासाठी बरेच दुकानदार गाडी गाळ्यात ठेवतात आणि शटर अर्धे ओढून तिथेच चालू करतात. हे कृपा करून बंद करा. चोकवर चालणाऱ्या इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड जास्त असतो. त्याला रंग नाही, वास नाही. डोके जड होते, मळमळते आणि माणूस बेशुद्ध होतो. त्यात आपल्या गाळ्यांत कापसाचे तंतू उडत असतात, सुताचे गठ्ठे असतात. तिथे पाझरलेले पेट्रोल आणि एखादी ठिणगी यांचे काय होईल, हे यंत्रमागाच्या गावात कोणाला सांगायला नको. गाडी आधी उघड्यावर ढकलत न्या, मगच किक मारा.

कोणी म्हणेल, "एवढी कटकट कशाला? नवी गाडी बटणावर चालू होते." खरे आहे. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ चा नियम लागू झाला आणि बहुतेक नव्या गाड्यांतून कार्बोरेटर गेला. ज्याच्या गाडीचा दाबच गेला आहे, जी ऑइल पिते, तिच्यावर पैसे ओतू नयेत. १५ वर्षांनंतर नोंदणी वाढवून घेताना खर्च येतो, तोही हिशोबात धरावा. पण हिशोब करून गाडी विकणे वेगळे आणि थंडीच्या एका सकाळी चिडून विकणे वेगळे.

शेवटी आमच्या फिटर बांधवांसाठी एक गोष्ट. नवी मुले इंजेक्शनच्या गाड्यांवर शिकतात, ते योग्यच आहे. पण जेट साफ करणे, फ्लोटची पातळी बसवणे, हवेचा स्क्रू कानाने जुळवणे हे हुनर जुन्या उस्तादांच्या हातात आहे आणि ते हातातच संपू देऊ नये. गिऱ्हाइकानेही "जरा बघून दे" म्हणत तासभराचे काम फुकट मागू नये. कापडाच्या शिलाईचे दाम आपण देतो, तसेच या कामाचेही द्यावे. हिवाळ्याच्या तोंडावर एकदा कार्बोरेटर साफ, प्लग नीट आणि ऑइल ताजे एवढे केले, तर पुढचे तीन महिने पहाटेची किक आपल्याला दगा देणार नाही.